पी.पी. कॉल

शाल्मलीने तक्ता केलाय.
शहरांची नावं उभी, आडव्या ओळीत माझे गुडघे,
शाकाहारी जेवण, स्वच्छतागृहं, जूनमधलं तापमान.
म्युनिकला तिच्या ऑफिसचं काम आहे,
पुढचे चार दिवस आपल्या दोघींचे, म्हणते,
जणू आजवरचे सगळे दिवस
कुणीतरी तिसरंच वापरत होतं.

सहकारनगरात मे महिन्याची दुपार.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय,
तिच्या लॅपटॉपला आंबेडाळीचं बोट लागू नये
म्हणून मी वाटी लांब धरून बसलेय.
"लिस्बन?" चढ फार.
"प्राग?" रस्ते दगडी, कुमुदमावशी पडली होती तिथे.
"व्हेनिस?" पाण्याचं मला काय कौतुक,
चार वर्षांची असताना पानशेतचा पूर पाहिलाय
वडिलांच्या खांद्यावरून.
"आई, तू शहरांचे पेपर तपासतेयस का?"

मग मी म्हटलं, ग्रात्स.
तिने टाइप केलं. "ग्राझ का?"
ग्राझ नाही. ग्रात्स.
शेवटी जीभ दातामागे आपटायची.
"तुला कसं माहीत?"

कसं सांगू.
एक्याऐंशी साली बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
मी युरोप ऐकलाय, पाहिला नाही.
आपली घंटा जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग,
तिकडची एकेकटी. एक लांब,
मग पाचपर्यंत मोजावं इतकं
काहीच नाही.
भांडारकर रोडच्या गुर्जरबाई, दर शनिवारी रात्री साडेनऊ,
पी.पी. कॉल, मुलीच्या नावाने.
मुंबई लाइन द्यायची, मुंबईच्या पलीकडे खरखर,
खरखरीच्या पलीकडे ग्रात्स.
घंटा. पाच. घंटा. पाच.
नो रिप्लाय, बाई.
"अजून थोडी वाजू दे गं," त्या म्हणायच्या,
"ती जिन्यात असेल."

मी वाजू द्यायची,
सुपरवायझरची मान माझ्याकडे वळेपर्यंत.
जिना किती मजल्यांचा असेल, हातात भाजीची पिशवी असेल का,
किल्ली पटकन सापडत नसेल.
चोवीसची होते मी, लग्न व्हायचं होतं,
माझ्यासाठी तो सहा आकडी नंबर होता, बस.
अजून पाठ आहे.
पुढे शनिवारचं बुकिंग बंद झालं.
मुलीने फोन उचलला की बाई थकल्या,
एक्स्चेंजला हे कळायची सोय नव्हती.

आणि तू बंगळूरला होतीस, ते दोन महिने.
तुझं नाव दाबून मी बाल्कनीत उभी,
कानात आपली जोडीची घंटा,
समोरच्या इमारतीत कुणीतरी जिना चढतंय,
दिवा लागतोय मजल्यामजल्याने.
तेव्हा मला तो नंबर कळला.
हे तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालू?

"आई, तिथे गावाच्या मधोमध टेकडी आहे. दोनशे साठ पायऱ्या."
मग पर्वती काय कडेला आहे?
"पण गुडघे?"
तू वर जा. मी खाली बसेन.
ती बघते माझ्याकडे, वडिलांची ती भुवई वर करून,
ज्या भुवईपुढे मी तीस वर्षं काही कबूल केलं नाही.
"बरं, तिथे बघायचं काय?"
जिने, मी म्हणते.
ती हसते. तरी लिहिते. रकाना पिवळा करते.

आतल्या खोलीत तिचा फोन वाजू लागतो,
चार्जिंगला लावलेला.
"वाजू दे गं," ती म्हणते, पडद्यावरची नजर न काढता,
"ऑफिसचा असेल."

मी केव्हाच उठलेय,
वाटी तशीच हातात,
गुडघा धरून.