गणेबैलपर्यंत

वर्षाच्या पहिल्या रविवारी, करार उपासनेनंतर,
पाळकसाहेबांनी कागद वाटले. गुलाबी.
वर छापलेलं: या वर्षी मी प्रभूसाठी
आणि खाली दहा रिकाम्या ओळी.

गेल्या साली मी दहाही भरल्या होत्या.
रोज पहाटे तासभर प्रार्थना,
वर्षात सबंध शास्त्र,
शुक्रवारचा उपास, गल्लीतल्या बायकांचा वर्ग.
शास्त्र फेब्रुवारीतच अडकलं
बोकडांच्या चरबीत, निवासमंडपाच्या कड्यांत.
आणि पहाटेचा तास? तो माझ्याआधीच
डेपोच्या गेटात सही करून बसलेला.
डिसेंबरात कागद सापडला, बॅगेच्या तळाशी,
तिकिटाच्या रोलाखाली.
मी त्याच्यावर चिल्लर ओतली.

पहिली गाडी पाच चाळीसची, बेळगाव-नंदगड.
ईरण्णा इंजिन तापवतो,
आरशावरच्या देवाला उदबत्ती ओवाळतो.
त्याचं होईतो माझं एक वचन.
एकच. कधी अर्ध्यातच घंटी मारावी लागते
आणि उरलेलं अर्धं दिवसभर
दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं जिभेला लागत राहतं.

तिसरं गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे.
कारखान्याची पोरं, कोथिंबिरीची गाठोडी, दप्तरं.
"मुंद होग्री, पुढं सरका हो, मुंद होग्री."
दोन्ही भाषांत कुणीच सरकत नाही.
प्रभूला सांगून ठेवलंय:
इथं माझ्याकडून काही मागू नको.
देसूर जाऊ दे, मग बघू.

गणेबैलच्या टोलनाक्याला गाडी थांबते.
मिनिटभर. रांग असली तर दोन.
तेवढ्यात एक नाव घ्यायचं.
सोमवारी प्रिस्किलाचं, तिच्या गणितासकट.
मंगळवारी सायलसचं;
तो फाउंड्रीची रात्रपाळी कानात घेऊन येतो
आणि आमचा संसार जिन्यात भेटतो,
तो वर चढताना, मी खाली उतरताना.
बुधवारी डेपो मॅनेजरचं.
बुधवारी वाटतं, नाका मोकळा असावा.

आणि तिकिटामागं लिहिलेले चार रुपये, सहा रुपये:
खानापूर आलं की लोक विसरून उतरतात.
आधी मीही विसरायची. सोयीनं.
आता खिडकीतून ओरडते,
"ओ निळा शर्ट, तुमचे पैसे!"
निळा शर्ट घाबरून मागं बघतो.

परतीला हलशीची एक म्हातारी असते,
मुठीत घामेजलेली नोट.
बायकांचं तिकीट आता शून्याचं, तिला पटत नाही.
"फुकट कशी बसू गं बाई?"
"मावशी, पैसे नकोत. पण तिकीट घ्या.
तिकीट हातात पाहिजे, बस्स."
ती शून्य नीट घडी घालून चंचीत ठेवते,
सुपारीशेजारी.
मी पुढच्या सीटवर गेले, मशीन दाबत राहिले,
आणि आपण कुणाला काय बोललो
हे देसूरच्या फाट्याला कळलं.
तोवर माझेच डोळे भरलेले,
आणि समोरचा विचारतोय, "उद्यमबाग किती?"

महिन्यानं रविवारची सुटी मिळाली.
पाळकसाहेब दारातच: "ताई, तुमचा कागद?"
मी पर्समधून एक वाया गेलेलं तिकीट काढलं.
मागं पेन्सिलीनं: वचन एक. नाव एक. शिल्लक परत.
त्यांनी ते उलटून पाहिलं,
बाकीच्या सात ओळी शोधत असावेत.
म्हटलं, "साहेब, सध्या गणेबैलपर्यंतचं काढलंय.
पुढचं पुढं काढीन."
ते हसले. कागद मात्र पुन्हा दिला, कोरा.
तो प्रिस्किलानं गणितं सोडवायला घेतला.

काल तेही हुकलं.
रांगच नव्हती, दांडी झटकन उठली,
नाव तोंडातच राहिलं,
बुधवार होता, त्यामुळे थोडं बरंही वाटलं.
पण ही गाडी नंदगडहून परत फिरते
आणि येताना
नाका तोच लागतो.