मराठीत आलेलं पत्र

हनोखचं निळं हवाई पत्र जनकगंजात आलं,
तिकिटावर डाळिंब.
लिहितो: रिबेका, मी आता यहुदी नाही.
इब्री आहे.

चहा उतू गेला. परत वाचलं.

यहुदी म्हणजे प्रार्थना, ती कुठेही होते,
तू करतेसच शुक्रवारी, स्टोव्हशेजारी.
इब्री म्हणजे ही माती आणि हिची भाषा.
जो इथे वाढला, हिच्यात भांडला, तो इब्री,
मग तो कुठलाही वार पाळो.
जगभरच्या यहुद्यांना घर देऊ म्हणणारे
देश नाही, धर्मशाळा बांधतायत.
आम्ही पाच जण त्यांच्यात नाही. एका गॅरेजात भेटतो,
मोशेच्याही आधीच्या देवतांची नावं घेतो,
देव म्हणून नाही, गाववाले म्हणून.
तेव्हा तू येऊ नकोस. तुझी माती तिथली.

'धर्मशाळा'चा रफार चुकलाय,
शाळेत चुकायचा तसाच.

माझी माती.
बाबा नॅरोगेजच्या शेडात फिटर,
आडनाव झिराडकर, झिराड कुणी पाहिलेलं नाही.
फालक्यात भाजीवाली विचारते, "महाराष्ट्र की हो?"
पुण्यात मावसबहीण म्हणते, किती हिंदी गं तुझं मराठी.
वाणी उधारीच्या वहीत 'रेणुका' लिहितो,
मी दुरुस्त करत नाही.

जुनी दैवतं इथेही आहेत, हनोख,
उरवाईच्या खडकात, उंच, उघडी, चेहरे फोडलेली.
सायकलवरून जाताना मान वर होते माझी.
एवढ्याने मी इथली होते का?

आणि तो ऑलिव्ह झोडपणारा शेजारी, अबू नादिर,
तोही मुळात इब्रीच, म्हणतोस, फक्त विसरलाय.
त्याला सांगितलंस हे?
काय म्हणाला?
की म्हणाला ते त्याच्या भाषेत,
म्हणून पत्रात आलं नाही?

बाकी ठीक. नारळ महागलाय.
आज एलियाहू नबीचा मलिदा करतेय.
तू ज्यांची नावं घेतोस
त्यांच्याच पुजाऱ्यांशी भांडला होता हा,
तुझ्याकडच्या डोंगरावर.
इकडे पोह्यांवर गूळ-खोबरं चालतं त्याला,
दोन केळी, एक पेरू.

शेजारची शकुनबाई वाटी घेऊन आलीच.
"कौन से भगवान का है?"
म्हटलं, पहले खाओ तो.