दम धर

मांजलपूरला गरब्याचा ढोल साडेअकरालाही थांबेना
आणि कैरवच्या छातीत शिट्टी वाजत होती,
बारीक,
कुकरचं झाकण नीट लागलं नाही की येते तशी.

बनियन वर केला.
बरगड्यांमधली कातडी आत, आत.
बोलायला श्वास पुरेना,
बोटानंच त्यानं खिडकी दाखवली.

निळा पंप. स्पेसर. मास्क नाकावर.
दहापर्यंत मोजायचं होतं,
ढोलाचा ठेका मध्येच घुसायचा,
सातावरून मी पुन्हा चारावर.

रिक्षावाला म्हणाला, रस्तो बंध छे, बेन,
आणि घातली उलट्या बाजूनं,
हॉर्नवरचा अंगठा न उचलता
चनियाचोळ्यांच्या घोळक्यातून.

नेब्युलायझरच्या वाफेपलीकडून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा.
हेरंब म्हणाला, घरी अ‍ॅलर्जी म्हणूया का?

तीनला तो झोपला.
मी आठवत बसले,
बूट घालताना, दूध गाळताना, फाटकापाशी
दिवसातून किती वेळा म्हणते त्याला:
दम धर जरा.

दोन दिवसांनी जिना चढताना
जिभेवर आलंच.
गिळलं.
पाचव्या पायरीवर टेकले नुसती.
तो वरून वाकून म्हणाला,
"आई, दमलीस?"