पुसू_नये

फाईल अठ्ठेचाळीस एम्बीची
आणि परवानगीच्या पोर्टलचं तोंड दहाचं.
सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत साफ कर.
म्हणून सकाळपासून गल्ली नंबर पाचमध्ये
कूलरच्या ओल्या वाळ्याकडे पाठ करून
मी दोंडाईच्याच्या मिरची गोदामातले
थर काढत बसले आहे.

तीनशे बारा लेयर.
आमच्या धुळ्यात गल्लीला नंबर पुरतो,
इथे मात्र ज्याने त्याने नाव ठेवलंय:
भिंत. भिंत_१. भिंत_नवी. भिंत_नक्की.
भिंत_नक्की_सरांनी_पाहिलेली.
टेंप, टेंप_२, आणि कुणी घाईत बडवलेला नुसता ककक.
नऊ वर्षं, सात हात.
प्रत्येकाने येऊन आपला कागद वर अंथरला,
खालचा कुणी उचलला नाही.

रिकामे असतात ते सोपे.
पर्ज म्हटलं की जातात,
सुपातून फोल उडावं तसे,
आवाजसुद्धा नाही.
गोठवलेल्यांना हात जरा जड करावा लागतो,
आत काहीतरी असतं:
एक खुर्ची, अर्धा जिना,
झाड_बाभूळमध्ये एकच बाभूळ,
काटा न् काटा काढलेली,
कुणाची तरी रिकामी दुपार.
उडवली.
अकरा वाजून दहा मिनिटांनी.

तीनला हा लागला: पुसू_नये.
उघडला. आत काही नाही.
रेघ नाही, ठिपका नाही.
शून्यापाशी शोधलं,
शून्यापासून कोसभर लांब
चुकार बिंदू जिथे जाऊन पडतात
तिथेही शोधलं.
मशीन म्हणतं, वापरात नाही, काढू?
नाव म्हणतं, नको.

हिलालअण्णांना फोन लावला.
पहिला हात त्यांचा,
टी-स्क्वेअर सोडून उतारवयात माऊस धरलेला.
आता साक्रीकडे पुतण्याच्या पोल्ट्रीचा हिशेब बघतात.
मागे कोंबड्यांचा कलकलाट.
"तठे इहीर व्हती, माय," म्हणाले.
मालकाने बुजवली, म्हणाला नकाशातूनही काढ.
अण्णांनी काढली नाही.
वेगळ्या लेयरवर घेतली, गोठवली,
आणि नाव असं ठेवलं
की पुढच्याचा हात थांबावा.

थांबला होता, अण्णा.
पुढच्याने अक्षरशः पाळलं:
विहीर पुसली,
नाव नाही पुसलं.

नेमकी कुठे होती?
कोंबड्या ओरडत राहिल्या. मग,
"बाभळीपासून बावीस फूट. सरळ उगवतीला.
बाभूय दिसस ना तुले?"

मी काही बोलले नाही.

कंट्रोल दाबून धरलं, आणि झेड.
झेड. झेड. झेड.
ककक परत आला.
नक्की भिंती परतल्या, सरांनी पाहिलेलीही.
खुर्ची. अर्धा जिना.
दिवसभराचं काम उलट पावली
माझ्यासमोरून चालत गेलं
आणि अकरा-दहाची बाभूळ उभी राहिली,
हिरवी, रंग क्रमांक तीन.

तिच्या बुंध्यापासून मोजलं.
बारा फुटी वर्तुळ काढलं, पुसू_नयेवर.
वर्तुळाच्या आत, मध्यालाही नाही,
जरा कडेला,
सी-सात नावाचा खांब.
खांबावर कैची टेकणार,
कैचीखाली पोत्यांची थप्पी,
थप्पीच्या सावलीत
तोंडाला फडकं बांधलेले, शिंकणारे हमाल.

साडेपाच.
केबिनमधून सर: "झालं का गं साफ?"
फाईल पुन्हा अठ्ठेचाळीस एम्बी,
वर एका वर्तुळाचं वजन.
"सर, जरा इकडे या," म्हटलं,
"आणि स्ट्रक्चरलवाल्या बोरसेंचा नंबर घेऊन या."

ते येईपर्यंत, सवयीने,
पर्जला पुन्हा विचारलं, काय काय काढू.
यादी आली, लांबलचक,
भिंत, भिंत_१, टेंप.
खालपर्यंत वाचली.
ते नाव नव्हतं तिच्यात.