चिकातला दाणा

जुलै अर्धा सरेपर्यंत लॉर्ना थेयर गवत कापत नाही.
व्हरमाँटच्या त्या उतारावर तिचं यंत्र
ताडपत्री पांघरून बसून असतं.
शेजारी हसतात: काड्या झाल्या गवताच्या,
गाई तोंड लावायच्या नाहीत.
ती म्हणते, न कापण्याचे पैसे मिळतात मला.
थोडे मिळतात, पण मिळतात.

गवताच्या बुडाशी वाटीएवढं घरटं, पाच अंडी,
आणि कुंपणाच्या खांबावर नर:
पोटाकडून काळा, पाठीवर पांढरा,
घाईत कोट उलटा चढवून आल्यासारखा.
मानेमागे पेंढ्याचा रंग.
गाणं म्हणजे कुणी जिन्यावरून
खिळ्यांचा डबा सोडून द्यावा तसं.
या बडबडीवरूनच नाव पडलं, बॉबोलिंक.

जाळ्यातून सोडवला तेव्हा
कोंबडीच्या अंड्याच्या निम्मंही वजन नव्हतं,
त्यातलं बरंचसं धडधडच.
पाठीवर मीच वर्षापूर्वी बांधलेलं यंत्र, वाटाण्याएवढं.
त्याला रस्ता कळत नाही, गाव कळत नाही.
उजाडलं कधी, मावळलं कधी, एवढंच ते लिहितं.
दिवस केवढा होता यावरून आपण ओळखायचं
पाखरू पृथ्वीच्या कुठल्या पट्ट्यावर होतं.

सप्टेंबरात समुद्र.
मग व्हेनेझुएलाचे चिखलाळ माळ.
मग डिसेंबर, जानेवारी, एकाच जागी
तेरा-तेरा तासांचे संथ दिवस:
बोलिव्हिया, सांताक्रूझच्या आसपास कुठेतरी.
नकाशात मी उन्हाळ्याला केशरी रंग देते, हिवाळ्याला निळा.
तो निळा ठिपका करंगळीच्या नखाखाली झाकला जायचा.

नखाखाली एलेउतेरियो चुवेचं भाताचं शेत होतं.

मी पोचले तेव्हा भात चिकात आलेला.
दाणा दाबला की बोटावर दूध.
नातू डबा बडवत बांधावरून पळत होता,
पाखरं उठत होती आणि पुढच्या वाफ्यात बसत होती,
धुराचा लोट वळावा तशी, हजारोंनी.
मी फोटो दाखवला, खांबावरच्या गवयाचा.
"हा आमच्याकडचा नाही.
आमचा तोर्दो मातकट. गात नाही, खातो."
मी म्हटलं, तोच हा.
इथेच त्याला नवी पिसं येतात, टोकाला मातकट किनार असलेली.
उत्तरेला पोचेपर्यंत ती किनार झिजते
आणि खालचा काळा उघडा पडतो.
तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.
"म्हणजे जेवायला माझ्याकडे,
आणि कपडे दाखवायला तिकडे."

मग आत जाऊन तंबाखूचा डबा घेऊन आला.
बटणं, मोडकी सुई, कुठलीशी किल्ली,
आणि अ‍ॅल्युमिनियमची कडी, नऊ आकड्यांची.
नातवाच्या गोफणीचा खडा दोन वर्षांपूर्वी नेमका लागला होता.
"दंड असतो का याला?"
नाही, म्हटलं मी. आकडे उतरवून घेतले.
त्यातला एक सात होता की एक, कळेना.

लॉर्नाचं सांगायला नको होतं. सांगितलं.
"न कापण्याचे पैसे?"
त्याने हात वर करून नातवाला थांबवलं.
डबा गप्प झाला.
मग शेतभर ऐकू आली एक बारीक करकर,
हजारो चोचींत सोलले जाणारे दाणे.
"आणि न हाकलण्याचे मला कोण देणार?"
कुणीच काही बोललं नाही.
पोराने स्वतःच पुन्हा डबा उचलला.

मे महिन्यात लॉर्नाला कडीची हकिकत सांगितली.
वाटलं, डोळ्यांत पाणी येईल तिच्या.
तिने ग्रीस लागलेले हात पँटला पुसले.
"किती पोती गेली त्याची?"

वहीत पंखाची लांबी होती, चरबीचा थर, तारीख, वारा.
पोत्यांना रकाना नव्हता.

खांबावर एक येऊन बसला होता.
काळा अजून पुरता उघडला नव्हता,
छातीवर चार-दोन मातकट किनारी तशाच.