वाघबीळच्या अलीकडे

केर्लीपर्यंत ती झकास पळते.
मग चढ लागतो
आणि वाघबीळच्या अलीकडे, त्याच त्या बाभळीशी
दोनदा ठसकते, गप्प होते.
उसाच्या ट्रॉल्या शेजारून जातात;
एक ड्रायव्हर कांडं फेकतो माझ्या मांडीवर:
“खावा ताई, तंवर थंड हुईल.”
खरंच होते. वीस मिनिटांनी
काही झालंच नाही अशी चालू.

अठ्ठावन्न सालची एमजी. दोन सीटा, दोन कार्ब्युरेटर,
सीटमागे एक टिकटिकणारा पंप.
अण्णांनी ती बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकाकडून घेतली,
लेथ विकून.
आई वर्षभर बोलली नाही.
(गाडीशी. अण्णांशी बोलावंच लागायचं.)

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं आधी काहीच उघडलं नाही.
चावी फिरवली, डोळे मिटले.
टिक टिक टिक टिक, टिक...
“कटोऱ्या भरल्या,” म्हणाला.
“पोट भरलं की पंप गप बसतोय.
थांबलाच न्हाई तर समजायचं, वारा पितोय.”

मग तीन शनिवार.
कार्ब्युरेटरचा पाइप सोडून
लोणच्याच्या बरणीत धार धरली: सरळ, करंगळीएवढी जाड.
गाळणी स्वच्छ. तरी धुतली.
फ्लोटची सुई बदलली, पंपाचे पॉइंट घासले,
नव्या पेट्रोलनं आतून चघळलेल्या रबरी नळ्या
फेकून नव्या घातल्या.
टाकी उतरवली, आत साखळी सोडून
मी आणि दस्तगीरच्या पोरानं पाळण्यासारखी हलवली.
चमचाभर गंज निघाला
आणि एक दहा पैशाचं नाणं.
कुणी कधी टाकलं, कशासाठी, कुणास ठाऊक.

चौथ्या शनिवारी पुन्हा बाभूळ.

या वेळी दस्तगीर शेजारी होता.
सीट पुढं ओढून त्यानं कान लावला.
टिक.
बऱ्याच वेळानं, टिक.
मग नाही.
“ही शांतता येगळी हाय,” म्हणाला.
“पोट भरल्याली न्हाई. गळा आवळल्याली.”

मागं जाऊन त्यानं टाकीचं टोपण सैल केलं.
हुश्श.
आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत.
आणि पंप वाजायला लागला भराभर,
रंकाळ्यात बुडी मारून वर आलेल्या पोरासारखा.

टोपणाच्या पत्र्यात एक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं.
जेवढं पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी,
नाहीतर टाकी सगळं आत ओढून धरते,
पंपानं कितीही मागितलं तरी.
आम्ही बरणी भरली तेव्हा टोपण बाकावर काढून ठेवलेलं.
धार सरळ येणारच की.

भोक रंगानं बुजलेलं.

मरून रंग. तो डबा अजून माळ्यावर आहे.
गेल्या फेब्रुवारीत, दुसऱ्या केमोनंतर,
अण्णा दारात स्टुलावर बसून टोपण रंगवत होते.
आतूनसुद्धा.
“दिसत नाही तिथं गंज आधी धरतो.”
हात थरथरायचा, थर जाड बसला,
एक ओघळ कडेपर्यंत येऊन तसाच वाळला.
मी म्हटलं होतं, छान झालंय.

“सुई हाय का ताई?”
ओढणीची पिन काढून दिली.
मग परत मागितली.
“मी करतो,” म्हणाले,
कोल्हापुरात बाया म्हणतात तसं.

पहिल्यांदा पिन सटकली, बोटात गेली.
दुसऱ्यांदा ओघळ चुकवून, जरा तिरकी धरून
दाबली.
रंगाची बारीक खपली निघाली
आणि उसाच्या ट्रॉलीमागच्या वाऱ्यात गेली.
थोडी शोधली. दस्तगीर तोवर
बाभळीकडे तोंड करून विडी ओढत राहिला.

पन्हाळ्यावर त्यानं झुणका-भाकर मागवली, दोनदा कांदा घेतला,
आणि हात धुऊन बिल सांगितलं:
तीन शनिवारचे पैसे, नळ्या वेगळ्या.
आजचे?
“आज काय केलं मी,” म्हणाला. “पिन तुमचीच की.”