दुप्पट अंतर

हायकोर्टाच्या फाटकाबाहेर, गजकवाल्याला लागून
माझं टेबल, एक छत्री, कृतिदेववर बसलेला हात.
पानामागे पंधरा रुपये. ओळींमध्ये दुप्पट अंतर.
पौषातलं ग्वाल्हेरचं धुकं अकराशिवाय उठत नाही,
तोवर स्क्रीनवरची अक्षरंच तेवढी स्पष्ट.

डॉक्टर आंबेगावकरबाई आल्या
वकिलाच्या मुलाबरोबर, शालीत हात गुंडाळून.
मनोविकार, दौलतगंज, जिन्याने वर, डावीकडे.
पाठ आहे मला. तरी विचारलं :
पत्ता?

जोडपत्र एक : शासनाचं पत्र.
अडीच ओळी. मार्च ते ऑगस्ट
जे जे आले त्यांची नावं, औषधं, काय बोलले ते,
सात दिवसांत, पेनड्राइव्हमध्ये.
कारण, लोकहित. सही लागत नाही.

बाईंनी दिलं नाही. म्हणून ही याचिका.
आणि याचिकेची तऱ्हा अशी, की
गुपित राहू द्या म्हणायलाही
आधी बापाचं नाव लिहावं लागतं,
वय, राहणार, आधारची झेरॉक्स
दोन्ही बाजूंनी.

जोडपत्र चार. नावांवर काळी पट्टी,
उरले आकडे, तारखा.
मी टंकत गेलो. एकोणचाळीस. चाळीस.
एक्केचाळीस : नऊ जून, सायंकाळी सव्वासात.

नऊ जूनला सव्वासातला दिवे गेले होते.
बाईंनी मेणबत्ती लावली होती
आणि थोरल्याबद्दल मी
घरी कधी बोललो नाही ते बोललो होतो.

काका, हँग झालं का? वकिलाचा मुलगा.
हो म्हटलं. जुनं आहे.

पुढे तारखा पडत गेल्या.
सरकारी वकिलांनी उत्तर दिलं लाखबंद लिफाफ्यात.
न्यायमूर्तींनी वाचलं, परत बंद केलं.
बाईंना त्यातलं एक अक्षर दिसलं नाही.
त्यांचं ते गोपनीय.
आता होळीनंतर.

पण हे सगळं मागाहून. त्या दिवशी
बाईंनी एकशे ऐंशी रुपये मोजले,
चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं
कुठल्याही टायपिस्टकडे पाहावं तसं.
झोप लागते का,
विचारलं नाही.

त्या रिक्षात बसल्यावर गजकवाला म्हणाला,
पहचान वाली थीं?
नाही, म्हटलं,
आणि पुढच्याचं नाव विचारलं.